त्रेपन्न वेढे

वालीवच्या औद्योगिक वसाहतीत एका बाजूला कुलपांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी करणारा कारखाना, आणि मधोमध फेबियनची शेड. कुलपवाल्याची समजूत अशी की फेबियन आत घड्याळं दुरुस्त करतो. खोकीवाल्याची खात्री होती की त्याने आत गुपचूप चर्च काढलंय. दोघांचंही अगदीच चुकत होतं असं नाही.

कॉम्प्युटरला जे लक्षात ठेवायचं असतं ते एका गरगर फिरणाऱ्या चकतीवर लिहिलेलं असतं. ते लिहायला आणि वाचायला लागतो हेड. हा हेड म्हणजे तांदळाच्या कणीएवढा काळा तुकडा, त्याला सुईच्या नेढ्याहून बारीक भोक. त्या भोकातून केसाहून पातळ तांब्याची तार चिमट्याने ओवायची, वळवायची, पुन्हा ओवायची. असे त्रेपन्न वेढे झाले की एक हेड झाला. शेडमधल्या बायका त्याला 'कणी' म्हणत. कॉम्प्युटर त्यांच्यापैकी एकीनेही पाहिला नव्हता. फेबियनने एकदा पाहिला होता, अंधेरीच्या कंपनीत नोकरीला असताना, काचेपलीकडून, आणि तोही बंद पडलेला.

ती अंधेरीची कंपनी अमेरिकेच्या एका कंपनीसाठी चकत्यांची यंत्रं जुळवी. एक्क्याऐंशी साली तिने तारा ओवायचं काम बाहेर द्यायचं ठरवलं, तेव्हा फेबियनने नोकरी सोडून ते घेतलं. त्याच्या डोक्यात एकच हिशेब होता: हे काम इंजिनिअरचं नाही, आपल्या नंदाखाल गावच्या बायकांचं आहे. चर्चच्या सिस्टरांनी लेस विणायला शिकवलेली बोटं गावात घरोघरी रिकामी बसली होती. त्याने सहा जणी जमवल्या, टेम्पोत घातल्या आणि स्टेशनच्या पूर्वेला आणल्या. एअर कंडिशनर लावलेल्या खोलीत पाऊल टाकल्यावर त्या म्हणाल्या, "अगो बाय, मे महिन्यात नाताळ!"

बोटं उत्तम होती, पण पहिल्या महिन्यात मोजणीचा घोळ झाला. सूक्ष्मदर्शकात डोळा घातलेला, हात चिमट्याला, आणि तोंडाने अठ्ठावीस, एकोणतीस म्हणताना शेजारणीने "तुझी म्हैस व्याली का गं?" विचारलं की आकडा गेला. कुठे एक्कावन्न, कुठे पंचावन्न. माल परत आला.

तोड काढली डेल्फिनने. डेल्फिन म्हणजे फेबियनची मावसबहीण, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. नवरा पास्कल लवकर गेला. एक मुलगी, विनी. गावात कोणाच्या लग्नाचं पक्वान्न बिघडलं किंवा कोणाचं भांडण मिटेना, की डेल्फिनबायला बोलावत.

ती म्हणाली, "किती वेढे सांगितलेस? त्रेपन्न? अरे, ही तर रोझरी."

आणि खरंच. रोझरीच्या माळेत सुरुवातीला तीन 'नमो मारिया', मग दहा-दहाची पाच रहस्यं. तीन आणि पन्नास, त्रेपन्न. दर रहस्याआधी एकदा 'आमच्या बापा'. अमेरिकेतल्या इंजिनिअरने हा आकडा कशावरून काढला होता ते त्याचं त्याला माहीत. नंदाखालच्या बायकांना मात्र त्यात मुळीच नवल वाटलं नाही. कुठलंही नीट काम इतक्याच वेळात होतं.

तेव्हापासून एक कणी म्हणजे एक रोझरी. एका 'नमो मारिया'ला एक वेढा. 'आमच्या बापा' आलं की हात थांबत, डोळे सूक्ष्मदर्शकातून वर येत आणि मिटत. म्हैस व्यायली तरी प्रार्थना मध्ये तुटत नसे. माल परत येणं बंद झालं. पुढच्या वर्षी अंधेरीहून जयराम नावाचा तपासनीस आला. एवढ्या आडबाजूच्या शेडचा माल सगळ्यांत चोख कसा, हे बघायला त्याला पाठवला होता. तो दोन तास कोपऱ्यात स्टुलावर बसला आणि अहवालात लिहून गेला, 'कामगारांच्या डोळ्यांना ठरावीक अंतराने विश्रांती दिली जाते. पद्धत शास्त्रीय आहे.'

धंदा वाढला. तिकडे अमेरिकेत कंपन्यांची चढाओढ लागली होती. दर सहा महिन्यांनी कोणीतरी आधीच्या निम्म्या आकाराची चकती काढी आणि तिच्यात दुप्पट मजकूर कोंबी. डबी लहान, पोट मोठं. सहाच्या चौदा बायका झाल्या, चौदाच्या चाळीस. शेजारच्या वटार गावची सरला आली. तिच्या घरी गणपती. पण महिन्याभरात तिला सगळी रहस्यं पाठ झाली. "सासूबाई म्हणतात, झोपेत कोणाला नमो करतेस?" ती सांगायची. "म्हटलं, पगाराला."

आणि गावकऱ्यांनाही या उद्योगाचा उपयोग कळला. एवढ्या रोझरी दिवसभर म्हटल्या जातायत, त्या काय नुसत्याच? सकाळी टेम्पो सुटायच्या आधी लोक येऊन हेतू सांगू लागले. कोणाची दहावी, कोणाच्या केळींवरची कीड, कोणाचा दारुडा जावई. डेल्फिन वाटणी करी: "ग्रेसी, तुझी पहिली कणी जावयाला. नाही, दोन दे. एकीने तो सुधारायचा नाही." अशा रीतीने नंदाखालचे जावई, केळी आणि दहावीची पोरं अमेरिकेतल्या चकत्यांवर चढली.

दिवसाची शेवटची कणी डेल्फिन स्वतःसाठी राखी. ती विनीची.

विनी एकोणीस वर्षांची. लहानपणी सांधे सुजून ताप आला आणि जाताना हृदयाची एक झडप खराब करून गेला. आंब्याखालून विहिरीपर्यंत चालली तरी ओठ निळे होत. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनसाठी नंबर लावला होता. नंबर पुढे सरकत होता, पण विनीही थकत होती, आणि दोघांत आधी कोण पोचतं एवढाच प्रश्न होता. डेल्फिनचं म्हणणं, आपण रोज एक कणी पाठवतो म्हणून पोर टिकून आहे. डॉक्टर म्हणत, कशावर टिकून आहे ते त्यांनाही सांगता येत नाही. म्हणजे दोघांचं एकमत होतं.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात जयराम नवा नकाशा घेऊन आला. चकती आणखी लहान झाली होती.

"फेबियनशेठ, आता बेचाळीस वेढे."

"बेचाळीस?"

"आणि लवकर. सिंगापूरच्या मुली दिवसाला तुमच्या दुप्पट करतात. इथे वालीवमध्येच पलीकडे जगन्नाथने शेड टाकलीय, प्रत्येक टेबलाला आकडा दाखवणारं यंत्र लावलंय. वरून मला विचारतात, त्या प्रार्थनावाल्यांना का ठेवलंय?"

"सिंगापूरच्या मुली डोळे कधी मिटतात?" फेबियनने विचारलं.

"घरी," जयराम म्हणाला.

फेबियनने बायकांना सांगितलं. मग सरला म्हणाली, "चार रहस्यं आणि वर दोन. बेचाळीस. सुरुवातीच्या तिनातला एक मणी सोडायचा."

"कुठला?" डेल्फिनने विचारलं.

"म्हणजे?"

"ते तीन मणी विश्वास, आशा आणि प्रीतीसाठी. यातलं काय सोडू, सांग."

सरलाने पुन्हा चिमटा उचलला. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर हाच प्रश्न डेल्फिनने फादरना विचारला. फादरनी समोरच्या माडाकडे बघितलं. मग म्हणाले, "डेल्फिन, देव काही मोजत बसत नाही."

"मग आपण का मोजतो, फादर?"

फादरना अचानक बाप्तिस्म्याची आठवण झाली आणि ते आत गेले.

बाकीच्या बायकांनी जुळवून घेतलं. कोणी आशा सोडली, कोणी विश्वास. प्रीती बहुतेकींनी ठेवली. माल वेळेवर जाऊ लागला. पण दर खेपेला अंधेरीत दिवसामागे एक कणी नापास होऊ लागली. जयराम आला तो चिमट्यात एक कणी धरूनच.

"यंत्र चुकलं तर सगळा माल चुकतो. माणूस चुकला तर कधी दोन, कधी पाच. रोज बरोबर एक? हे चुकणं नाही, शेठ, हा नेम आहे. आणि वेढे मोजले मी. त्रेपन्न."

फेबियनला विचारायची गरज नव्हती. संध्याकाळी टेम्पो भरत असताना त्याने डेल्फिनला मागे थांबवलं.

"बाय, शेवटची कणी जुन्या मापाने करतेस."

"करते."

"ती नापास होते. एवढ्यावरून काम जगन्नाथकडे जाईल. चाळीस घरं आहेत."

"माहीत आहे रे." ती स्टुलावर बसली. "सोमवारी आणि गुरुवारी पाचवं रहस्य कुठलं असतं?"

फेबियनला आठवायला वेळ लागला. "बाळ येशू देवळात सापडतो ते."

"तीन दिवस हरवलेलं पोर आईला सापडतं. चारवर थांबले तर काय होतं? पोर हरवलेलंच राहतं. बाकीच्यांच्या कण्या मी बेचाळीसच करते. त्या केळींच्या आहेत, जावयाच्या आहेत. ही एक मला अर्धी सोडवत नाही."

फेबियनने तोड काढली. रोज संध्याकाळी तो तिला एक टाकाऊ कणी देईल. तिने त्रेपन्न काय, शंभर वेढे घालावेत.

"आणि मग तिचं काय करशील?"

"ठेवून देऊ."

"ठेवून दिलेली प्रार्थना कोणाला पोचते?" तिने सरळ विचारलं. "ती गेली पाहिजे, फेबियन. कुठेतरी फिरली पाहिजे. तू मालक आहेस, तुझी ओळख आहे. बघ ना काहीतरी."

आता माणसाने खरं बोलायला काय हरकत होती? पण ज्या बाईने लहानपणी आपल्याला खांद्यावर बसवून फेस्ताच्या जत्रेला नेलं, ती तोंडाकडे बघत असताना 'नाही' हा शब्द घशातून वर यायला तयार नसतो. फेबियन म्हणाला, "बरं. ती माझ्या हातात देत जा. मी वेगळी पाठवतो. जयरामला सांगून."

"जयराम ऐकेल?"

"ऐकेल. चांगला माणूस आहे."

त्या दिवसापासून डेल्फिन जाताना एक कणी त्याच्या तळहातावर ठेवी आणि तो ती खोकल्याच्या गोळ्यांच्या डब्यात टाकी. जयरामच्या तक्रारी थांबल्या. ऑर्डर वाढली. नाताळात जयरामने केकही पाठवला. डेल्फिनने त्यातला मोठा तुकडा विनीसाठी बांधून घेतला. "माझी कणी पाठवतो ना, बिचारा," ती म्हणाली.

विनी गेली ती फेब्रुवारीत, गुरुवारी, दुपारी सव्वातीनला. हॉस्पिटलचा नंबर यायला सात आठवडे होते. गावातला मार्सेल मोटारसायकलवरून सांगायला आला आणि दारात उभा राहिला. तो काही बोलायच्या आधीच चाळीस सूक्ष्मदर्शकांवरची डोकी वर झाली. डेल्फिनचं डोकं शेवटी वर झालं. गुरुवारच्या तिसऱ्या रहस्यावर, बाळ जन्मतं तिथे, ती उठली. चिमटा खाली ठेवला, कापडाने पुसला आणि टेम्पोत जाऊन बसली. तिच्या सूक्ष्मदर्शकाखाली अर्धी कणी राहिली. तारेचं टोक वर आलेलं. नियमाप्रमाणे दुसरीने ती पुरी करायची. कोणी हात लावला नाही.

विनीची महिन्याची मिस्सा झाल्यावर डेल्फिन कामावर परत आली. बायकांनी जागा झाडून ठेवली होती. सरलाने विचारलं, "बाय, तू सुरुवात करतेस?"

"तुमचं तुम्ही म्हणा गं," डेल्फिन म्हणाली, आणि डोळा लावून मोजू लागली. "एक. दोन. तीन. चार."

बाकीच्यांनी थोडा वेळ प्रार्थना चालवायचा प्रयत्न केला. पण एक बाई शेजारी आकडे म्हणत असताना 'कृपापूर्णे' म्हणणं जड जातं. हळूहळू एकेकीचा आवाज बसला. दुपारपर्यंत खोलीत एअर कंडिशनर आणि आकडे एवढंच ऐकू येत होतं. तिच्या कण्या आता कोणाहीपेक्षा जास्त होत. जयराम खूश झाला. "शेवटी पटलं ना?" त्याने विचारलं. "आकडे ते आकडे." फेबियनने त्याला चहासुद्धा विचारला नाही, आणि जयरामला शेवटपर्यंत कळलं नाही की का.

फेबियनला आता झोप लागेना. डब्यात शंभरावर कण्या होत्या. तो कन्फेशनला गेला आणि जाळीपलीकडे सगळं सांगितलं.

फादर म्हणाले, "खोटं बोललास, ते पाप."

"मग आता जाऊन खरं सांगू?"

"ते काय होईल," फादर म्हणाले, "ते मला सांगता येत नाही, बाळा."

ईस्टरनंतर एका दुपारी डेल्फिन डबा घेऊन त्याच्या टेबलाशी आली. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "त्या माझ्या कण्या. कुठे गेल्या असतील रे?"

हीच ती वेळ होती. त्याने तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "हॉस्पिटलात."

"कुठल्या?"

"अमेरिकेतल्या. मुलांच्या. तिथे आता सगळ्या मुलांचे कागद कॉम्प्युटरमध्ये ठेवतात. जयराम म्हणाला."

"मुलांच्या," डेल्फिन म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "कसली मुलं?"

"हृदयाची." आता मागे फिरायला रस्ताच नव्हता.

तिने भाकरी खाली ठेवली. "मग पत्र लिही ना त्यांना. इंग्रजीत. विचार, तिथली मुलं बरी आहेत का म्हणून."

फेबियनने तिच्यासमोरच पत्र लिहिलं. पाकीट बंद केलं, वर तोंडाला येईल तो पत्ता घातला, आणि डेल्फिनने स्वतः चालत जाऊन ते स्टेशनबाहेरच्या पेटीत टाकलं. पुढे दर सोमवारी ती विचारी, "आलं का रे?" आणि तो म्हणे, "अमेरिका आहे बाय, वेळ लागतो."

मधल्या काळात अमेरिकेतल्या त्या कंपनीला एका दुसऱ्या कंपनीने गिळलं. नव्या मालकांचं काम सिंगापुरात होत होतं. त्यांच्याकडे कणीच नव्हती. नवा हेड कागदावर छापावा तसा पातळ थर चढवून काढत, तारच लागत नसे. जयराम नोकरी शोधत फिरू लागला. आकडा दाखवणाऱ्या यंत्रांसकट जगन्नाथची शेड आधी बंद झाली. फेबियनकडे दोन महिन्यांचं काम उरलं, मग एक महिन्याचं. चाळीसच्या बारा बायका झाल्या. सरला गेली त्या दिवशी तिने तिचा चिमटा मागून घेतला. "भुवया करीन," म्हणाली, आणि रडली.

शेवटच्या आठवड्यात सोमवारी डेल्फिनने नेहमीसारखं विचारलं, "आलं का?"

ती समोर उभी होती. वर्षभरात खूप बारीक झाली होती. फेबियन म्हणाला, "आलं."

"कुठेय?"

"घरी राहिलं. इंग्रजीत आहे."

"काय लिहिलंय?"

"बरी आहेत म्हणून. मुलं."

"सगळी?"

"सगळी."

डेल्फिनने टेबलाच्या कडेला हात टेकला. ती रडली नाही. तिने मान हलवली, हिशेब जुळल्यावर माणूस हलवतो तशी.

"म्हणजे बघ, पोचत होत्या," ती म्हणाली. "मोजण्यात माझी चूक नव्हती. पत्ता चुकला."

मग ती आपल्या जागेवर जाऊन बसली. तिच्यापुढे शुक्रवारपर्यंतचं काम होतं, एकशे दहा कण्या. तिने पहिली चिमट्यात उचलली. फेबियन दारातच उभा राहून ऐकत होता. ती आकडेच म्हणत होती.